पोलिसांनी दमदाटी करून लिहून घेतलं, तर कोर्टात सिद्ध कोणी काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुका कोर्टात फौजदारी कामं बघते. बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलापुढे गर्दी जास्त असते, कारण एकाच एसटीच्या फेरीत लोकांना दोन्ही कामं उरकायची असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. पोलिसांनी नेलं, विचारपूस केली, कागदावर काहीतरी लिहून घेतलं. आता ते खोटं आहे किंवा मारून घेतलं आहे, हे कोर्टात दाखवायचं कोणी? समोरासमोर, फोनवर आणि व्हॉइस मेसेजमधून जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलं आहे. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांचे आहेत: पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियम, अटक आणि तपासासाठी नागरिक सुरक्षा संहिता, गुन्ह्यांसाठी न्याय संहिता. केस जुनी असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१. ठाण्यात पोरानं गुन्हा कबूल केला असं पोलीस म्हणतात. पेपरातही आलं. मग केस संपलीच ना?

नाही. पोलीस अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ स्पष्ट सांगतं. त्यावर सही असो, अंगठा असो, मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असो, फरक पडत नाही. पोलीस कोठडीत असताना दुसऱ्या कोणाला दिलेली कबुलीही चालत नाही, न्यायदंडाधिकारी प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातही हेच होतं. ठाण्याच्या चार भिंतींच्या आत कबुली कशी निघते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ ही बातमी वाचून घरच्यांनी खचू नये. कायद्यात एक मोठी फट मात्र आहे, ती प्रश्न ७ मध्ये.

२. मारून कबुली घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी आमची की पोलिसांची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

गुन्हा घडला आणि तो याच माणसाने केला, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं ओझं साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०४ प्रमाणे सरकार पक्षावर असतं आणि शेवटपर्यंत तिथेच राहतं. पोलिसांच्या वागण्यावर तुम्ही आक्षेप घेतला म्हणून ते ओझं तुमच्या डोक्यावर येत नाही.

आता कबुलीबद्दल. पोलिसांसमोरची कबुली तर प्रश्न १ प्रमाणे तशीही चालत नाही; पुढचा नियम इतरांसमोरच्या कबुलीलाही लागतो (प्रश्न ८ आणि ११). साक्ष्य अधिनियमाचं कलम २२ म्हणतं की अधिकाराच्या जागेवरच्या माणसाच्या धमकीमुळे, आमिषामुळे, जबरदस्तीमुळे किंवा आश्वासनामुळे कबुली दिली गेली असं कोर्टाला ‘दिसून आलं’, तर ती बाद. कायद्याने इथे ‘सिद्ध झालं’ म्हटलेलं नाही, ‘दिसून आलं’ म्हटलं आहे. प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जुन्या कलम २४ मधल्या याच शब्दावर बोट ठेवलं होतं. ‘दिसून येणं’ म्हणजे काटेकोर पुराव्यापेक्षा खालची पायरी, तेवढी शक्यता कोर्टाला वाटली तरी पुरे. त्या खटल्यात आरोपीचं म्हणणं टिकलं नाही, पण तत्त्व आजही टिकून आहे.

म्हणजे कोणत्या हवालदाराने, कोणत्या काठीने, किती वाजता मारलं, हे साक्षीदार उभे करून तुम्ही सिद्ध करायचं नसतं. पण नुसतं ‘मारलं’ म्हणूनही भागत नाही. शंका घेण्याजोगं काहीतरी रेकॉर्डवर यावं लागतं: दवाखान्याचा कागद, पहिल्या हजेरीतली तक्रार, अटकेच्या वेळेतला घोळ. तेवढं आलं की कबुली स्वखुशीची होती हे पटवून देण्याची पाळी सरकार पक्षाची.

लोक तीन गोष्टींची गल्लत करतात. कबुली बाद करवून घेणं, उच्च न्यायालयात भरपाई मागणं आणि मारणाऱ्या पोलिसाला शिक्षा करवणं, तिन्हींना लागणारा पुरावा वेगवेगळ्या वजनाचा असतो. पहिल्याला सगळ्यात कमी लागतो, तिसऱ्याला सगळ्यात जास्त (प्रश्न १३). ‘पोलिसावर केस होईल एवढा पुरावा नाही’ म्हणून पहिला आक्षेपसुद्धा सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

३. मारल्याचं सांगायचं कधी आणि कोणाला?

अटकेनंतर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. सांगायची जागा तीच. ‘काही तक्रार आहे का?’ असं न्यायाधीश विचारतात. त्या वेळी मान खाली घालून ‘नाही’ म्हटलं की ते ‘नाही’ रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, उतरतं आणि दोन वर्षांनी खटला चालताना सरकारी वकील तेच वाचून दाखवतात.

एक पोरगा आठवतो. मोटरपंप चोरीच्या संशयावरून आणलेला, वय विशीच्या आतबाहेर. आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला आणणारा हवालदार दाराशीच उभा होता. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठं लागलं का?’ पोरगा ‘नाही’ म्हणाला. कागदावर आलं: ताजी जखम नाही. कोर्टात तो पिंजऱ्याजवळ एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभा होता. त्याचा बाप मागून कुजबुजला, ‘वकीलबाई, त्याले चप्पल काढाले सांगा ना.’ काढायला लावली. दोन्ही तळवे सुजून काळेनिळे झालेले. न्यायाधीशांनी स्वतः पाहिले, तसं लिहून घेतलं आणि पुन्हा तपासणीचा आदेश दिला. त्या चार ओळींनी पुढे जे काम केलं, ते माझ्या युक्तिवादाच्या दहा पानांनी केलं नसतं.

तेव्हा अंगावर काही असेल तर दाखवा. मराठी नीट येत नसेल तर ज्या भाषेत येतं त्या भाषेत सांगा आणि ते लिहून घ्यायची विनंती करा.

४. दवाखान्याच्या कागदावर ‘जखम नाही’ असं आलंय. आता काय?

अटक झाल्यावर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. जखमा आणि त्या साधारण कधीच्या, हे डॉक्टरांनी लिहायचं असतं. अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. ती मागणारे फार थोडे. कोठडीत असताना दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलं आहे.

पहिला अहवाल कोरा आला म्हणून दार बंद होत नाही. पुढच्या हजेरीत फेरतपासणीचा अर्ज करा. तपासताना पोलीस खोलीत होता का, हेही अर्जात लिहा. मुका मार एकदोन दिवसांनी जास्त उठून दिसतो. पुढची तारीख येईपर्यंत काळानिळा डाग पिवळा पडतो आणि मग डॉक्टरही काही सांगू शकत नाहीत.

५. आरोपी नाही, साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं आहे. जावंच लागतं का? जबाबावर सही करायची का?

लेखी बोलावणं आलं तर साधारणपणे जावं लागतं. पण १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या वरचा पुरुष, कोणत्याही वयाची बाई, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. सासू-सुनेला दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं असेल तर तेवढं एक कलम दाखवा.

तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१. फिर्यादीवर आणि पंचनाम्यावर सही असते, जबाबावर नाही. कोऱ्या कागदावर तर कशावरच नाही. जबाबात भलतंच लिहिलं असेल तर घाबरू नका, तो कागद स्वतः पुरावा नसतो. कोर्टात शपथेवर जे सांगाल तोच पुरावा. जबाब आणि साक्ष यांत फरक पडला तर उलटतपासात त्यावर बोट ठेवलं जातं, एवढाच त्याचा उपयोग.

६. गप्प बसलं तर पोलीस म्हणतात, ‘लपवतोस म्हणजे तूच केलंस’. गप्प राहायचा हक्क खरंच आहे का?

आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची असतात, पण ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते द्यायचं बंधन नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्येही आहे. नंदिनी सत्पथी निकालात (१९७८) न्यायालयाने मानलं की जबरदस्ती फक्त लाठीची नसते. तासन्‌तास एकच प्रश्न, बायकापोरांना आणण्याची धमकी, झोपू न देणं, हेही त्यात येतं. नार्को किंवा लाय डिटेक्टर चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालाने ठरलं. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांची गोष्ट वेगळी, ते द्यावे लागतात.

अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवून घेता येत नाही.

७. त्याच्या सांगण्यावरून विहिरीतून मोटर काढली असं पोलीस म्हणतात. ही कबुली तर चालते ना?

ही ती फट. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्यातल्या अपवादाप्रमाणे (जुनं कलम २७), कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जुळणारा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. तेवढाच. ‘मोटर मी अमक्याच्या विहिरीत टाकली आहे, काढून देतो’ यातली जागा आणि वस्तूची माहिती चालेल. ‘चोरून आणलेली’ हे शब्द चालणार नाहीत. १९४७ च्या पुलुकुरी कोटय्या निकालापासून हा नियम आहे.

आणि हा शोध खरा होता हे सिद्ध करायची जबाबदारी पूर्णपणे सरकार पक्षाची. इथे बचावाला भरपूर काम असतं. पंच कधी बोलावले? आरोपीने तोंड उघडण्याच्या आधी की नंतर? सुब्रमण्य खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतंत्र पंच आधी हजर हवेत, आरोपीचे नेमके शब्द त्यांच्यासमोर उतरवले जावेत आणि मग सगळ्यांनी मिळून जागेवर जावं. आमच्याकडे बरेचदा पंच एकच: ठाण्यासमोरचा चहावाला. दर पंचनाम्यात त्याची सही. तो कोर्टात येऊन सांगतो, ‘साहेबांनी बोलावलं, कागद तयार होता.’

वस्तू उघड्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), कोणालाही दिसेल अशी पडलेली होती का, हे विचारा. पोलिसांना ती आधीच माहीत होती का, हेही विचारा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. ते मागा.

८. न्यायाधीशांसमोर कबुली दिली, आता पोरगा म्हणतो पोलिसांनी शिकवून पाठवलं होतं. मागे घेता येते?

येते, पण हे प्रश्न २ पेक्षा अवघड आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली कबुली नोंदवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याने सांगावं लागतं की तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. ती स्वखुशीची आहे अशी स्वतःची खात्री करून तसं लिहावं लागतं. आरोपीने कबुली द्यायला नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही, ही गोष्ट तुरुंगात फार थोड्यांना माहीत असते.

या कबुलीला वजन असतं. मागे घेतली तरी आपोआप रद्द होत नाही, पण मागे घेतलेल्या कबुलीला इतर पुराव्याचा आधार कोर्टं शोधतातच. विचार करायला किती वेळ दिला, कबुलीआधी तो कुठे होता, ठाण्यातून थेट आणला का, हे वकिलाने तपासून पाहावं.

९. अटक का केली हे सांगितलंच नाही. हे आम्ही सिद्ध करायचं?

इथे मात्र ओझं सरळ पोलिसांवर. अटकेची कारणं सांगितली नाहीत असा आक्षेप घेतला, तर ती सांगितली होती हे सिद्ध करायची जबाबदारी तपासी अधिकाऱ्याची, असं विहान कुमार निकालात फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या मिहीर शहा प्रकरणात आणखी ठरलं: कारणं लेखी हवीत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत आणि उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी हातात पडायला हवीत.

‘समजणारी भाषा’ याचं मोल मेळघाटात आणि गडचिरोलीत विचारा. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाला मराठी फॉर्म देऊन ‘समजावून सांगितले, सही घेतली’ असा शेरा मारणं आता पुरेसं नाही. ही अट मोडली तर अटक बेकायदा ठरते आणि सुटका मागता येते. गुन्ह्याची केस मात्र त्यामुळे रद्द होत नाही.

१०. तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं आणि अटक चौथ्या दिवशी दाखवली. दाखवायचं कसं?

पारध्यांच्या बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, हा प्रश्न जवळपास दर महिन्याला येतो. जवळपास कुठे चोरी झाली की रात्री गाडी बेड्यावर जाते. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ती सवय अजून गेलेली नाही आणि याचा मला मनापासून राग येतो.

‘चौकशीसाठी आणलं’ असं कागदावर कुठेच नसेल, तर आपणच कागद तयार करायचा. पहिल्याच रात्री पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल किंवा पोचीचा पुरावा राहील असा अर्ज, ११२ वर फोन, सरपंचाला मेसेज. प्रत्येकावर वेळ आपोआप उमटते. शिवाय ठाण्यातला सीसीटीव्ही: परमवीर सिंग सैनी निकालाने (२ डिसेंबर २०२०) प्रत्येक ठाण्यात, लॉकअप आणि वऱ्हांड्यासकट, कॅमेरे सक्तीचे केले आणि चित्रीकरण १८ महिने जपायला सांगितलं. पहिल्याच तारखेला ते जपून ठेवण्याचा आदेश मागा. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर साक्ष्य अधिनियमाचं कलम ११९ कामी येतं: जो हातातला पुरावा पुढे आणत नाही, त्याच्या विरोधात जाणारं काहीतरी त्यात होतं असं कोर्ट धरू शकतं.

माणूस अजून आतच असेल तर वाट पाहू नका. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदीप्रत्यक्षीकरणाची (‘डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा’ असा आदेश मागणारी) याचिका करता येते.

११. वनविभागाने नेलं, पोलिसांनी नाही. तिथेही हेच नियम?

पूर्णपणे नाही. जंगलालगतच्या लोकांनी हे नीट वाचावं. वन अधिकारी हे कलम २३ च्या अर्थाने ‘पोलीस अधिकारी’ धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासमोरची कबुली केवळ त्या कलमाने बाद होत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० (८) खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या, सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात वापरता येतो. वनरक्षकाने किंवा वनपालाने नाक्यावर लिहून घेतलेला कागद यात बसत नाही. आणि कलम २२ सगळ्यांना लागू: वनविभागाच्या खोलीत मारून घेतलेली कबुलीही बादच, प्रश्न २ मधल्याच कसोटीवर.

अमली पदार्थांच्या केसमध्ये तोफान सिंग निकालाने (२०२०) त्या खात्याचे अधिकारीही पोलिसांसारखेच धरले आहेत. उलट मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लागला असेल तर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुलीही चालते. मकोकाची चाहूल लागली तर त्याच दिवशी वकील गाठा.

पोलीस पाटलांसमोरच्या कबुलीबद्दलही विचारणा होते. ते १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेले असतात आणि ठाण्याला खबर देणं हे त्यांचं काम. तेव्हा ते ‘अधिकाराच्या जागेवरचे’ आहेत आणि ही कबुली पोलिसांसमोरचीच धरावी, असे दोन्ही आक्षेप वकिलाने घ्यायलाच हवेत.

१२. माझ्या कागदांवर १६१, १६४, २७ असे आकडे आहेत. कोणता कायदा लागू?

१ जुलै २०२४ ला जो खटला सुरू होता, तो जुन्या कायद्यानेच चालतो. अर्थ फारसा बदललेला नाही: १६१ म्हणजे आता १८०, १६२ म्हणजे १८१, १६४ म्हणजे १८३, आणि साक्ष्य कायद्यातलं २७ म्हणजे आता कलम २३ चं परंतुक (प्रश्न ७).

१३. मारणाऱ्या पोलिसाला शिक्षा करवायची असेल तर?

कबुली काढण्यासाठी मारहाण हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली स्वतंत्र गुन्हा आहे, साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला दहा. पण इथे आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस असतो आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळतो. साक्षीदार कोण? त्याचेच सहकारी.

ओझं त्यांच्याकडे सरकवणारे मार्ग थोडे आहेत आणि त्यातला एक विदर्भाच्या जखमेतून आला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली, कारण तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हतीच असं कोर्टाने धरायचं. आज ते कलम १२० आहे, साक्ष्य अधिनियमातलं. कोठडीतल्या जखमांबद्दलही पोलिसांविरुद्ध असंच गृहीतक असावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात केली होती. ती कायद्यात आलीच नाही. यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

भरपाईचा मार्ग तुलनेने मोकळा आहे. नीलाबती बेहेरा निकालात (१९९३) कोठडीतून नेलेल्या तरुणाचं प्रेत रेल्वेरुळावर मिळालं. ‘तो पळाला आणि गाडीखाली आला’ ही पोलिसांची गोष्ट न्यायालयाने मानली नाही आणि आईला दीड लाख रुपये द्यायला लावले. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करा. फौजदारी कारवाईच्या मुदती त्याहून आखूड असू शकतात, महिने घालवू नका.

१४. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीतल्या कोणालाही, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. फोन १५१००. पहिल्या हजेरीच्या आधी लावा.

१५. तेव्हा भीतीने कोणालाच काही सांगितलं नाही. आता खटला चालू आहे. उशीर झाला का?

अवघड झालंय, पण संपलेलं नाही. तपासी अधिकारी साक्षीला येईल तेव्हा ‘तुम्ही मारहाण करून कबुली घेतली’ हे त्याला उलटतपासात विचारलं गेलंच पाहिजे. न विचारता शेवटी युक्तिवादात मांडलं तर त्याला वजन राहत नाही. नंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात तेव्हा पूर्ण हकीकत सांगा, तेव्हा का बोललो नाही हेसुद्धा. भीती हे कारण कोर्टाला समजतं.

आणि कारागृहाचं रजिस्टर विसरू नका. कोठडी संपून माणूस जेलमध्ये जातो तेव्हा दाराशी त्याची तपासणी होऊन अंगावरच्या खुणा लिहिल्या जातात. लिहिणारा ठाण्याचा माणूस नसतो. त्या जखमांचा दोष आपल्या अंगावर येऊ नये म्हणून कारागृहाचे लोक ते नीट लिहितात. त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल मागणारा अर्ज आधी करा, उलटतपासाची तारीख त्यानंतरची घ्या.